डावखुरी कात्री

४ नोव्हेंबर

आज साहेबांना स्फटिक म्हणजे काय ते शिकवलं. साहेब आमच्या संस्थेचे प्रमुख. पूर्वी कुठल्याशा विमा कंपनीत होते आणि अजूनही तिथेच असल्यासारखे बोलतात. शिकवणीची वेळ आली कारण आमच्याकडच्या दोन विद्वानांनी अख्खा उन्हाळा घालवून एका ‘नव्या’ पदार्थाची रचना शोधली, आणि आता उघडकीस आलं की तो पदार्थ आमच्याच संग्रहात कित्येक वर्षं पडून आहे. फक्त आडवा. जुन्या नोंदीत तो उभा धरून मोजला होता, या दोघांनी कुशीवर झोपवून मोजला. तिन्ही मापं तीच, क्रम वेगळा. क्रम बदलून बघावा, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पगार मात्र दोघांनाही मिळतो.

साहेबांना त्यांच्याच खोलीतली फरशी दाखवली. म्हटलं, ही नक्षी बघा, तीच तीच पुन्हा येते. खडूने तिचा एक तुकडा असा आखा की तो शेजारी शेजारी मांडत गेलं की सगळी फरशी भरेल. तुकडा सरळ आखा, तिरका आखा, फरशी तीच राहते. स्फटिकाचंही असंच, फक्त चौकोनाच्या जागी खोका. त्याला आम्ही युनिट सेल म्हणतो. प्रत्येकजण तो आपल्या मर्जीने आखतो, म्हणून एकच पदार्थ दहा वेषांत फिरतो. सगळे खोके एका ठरावीक पद्धतीने फिरवून ठेवणारा एकच प्रोग्राम संस्थेत हवा.

साहेब बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ही बदलायचा प्रस्ताव आहेच.”

तर प्रोग्राम निवडायचा आहे. स्पर्धेत दोन: एक माझा, एक आमच्याच संस्थेतल्या टायवाल्याचा. ज्याचा निवडला जाईल त्याच्या हाती सगळ्या संग्रहाची सूत्रं जातील. वीस वर्षं मी हा संग्रह सांभाळला. तो त्या माणसाच्या ताब्यात गेला तर मी राजीनामा देईन, हे इथे लिहून ठेवते.

घरी आले तर दारातच ताई. “किल्ली नेली होतीस ना? मग बेल का वाजवलीस?” थोरली बहीण आहे, मेहुणे गेल्यापासून माझ्याकडे राहते. सकाळी निघताना किल्ली घेतलीस का, गॅस बंद केलास का, चष्मा घेतलास का. संध्याकाळी त्याचा हिशेब. मी पन्नाशी ओलांडली आहे हे तिच्या गावीही नाही.

७ नोव्हेंबर

टायवाल्याचा प्रोग्राम पाहिला. त्याला नाव आहे, पण या इमारतीत टाय बांधून येणारा तो एकटाच, आणि टायच लक्षात राहतो. चाळिशीचा आहे. बोलण्याआधी घसा साफ करतो आणि मग जे बोलतो त्यासाठी एवढी तयारी कशाला केली असा प्रश्न पडतो.

प्रोग्राम गुलाबी आहे. गोल गोल बटणं, आणि प्रत्येक बटणाला एक शंका. फाईल उघडू का? हीच फाईल ना? खोका फिरवायचा आहे ना? मापं याच एककात आहेत ना? जुनी नोंद राहू द्यायची ना? बारा प्रश्न मोजले. एक खोका फिरवेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा.

त्यातला एक प्रश्न तर कहर आहे. खोक्याच्या तीन कडा असतात. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात उभं केलं की पहिली, दुसरी, तिसरी. यातल्या दोघींची नुसती अदलाबदल केली तर ती मांडणी डाव्या हाताची होते, आणि खोक्यातला रेणू आरशातला होऊन बाहेर येतो. म्हणून अदलाबदल करताना उरलेली कडही उलटी करायची. झालं. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. हा गृहस्थ त्यासाठी पडद्यावर पट्टी झळकवतो: तुम्ही वस्तू फिरवत नसून तिची आरशातली प्रतिमा करत आहात, नक्की का?

मी विचारलं, “हे कुणासाठी?”

घसा साफ करून म्हणाला, “सगळ्यांसाठीच, मॅडम. चूक कुणाचीही होते.”

कुणाचीही नाही होत. ज्याची होते त्याने दुसरा धंदा शोधावा. माझ्या प्रोग्राममध्ये मी एकही प्रश्न ठेवलेला नाही. सांगाल ते करतो आणि गप्प बसतो. माणसांमध्ये हा गुण मला अजून आढळायचा आहे.

१२ नोव्हेंबर

औषधवाली आली होती. ही बाई एका औषध कंपनीत रसायनं बघते. त्यांचं तापावरचं नवं औषध. त्याचा स्फटिक आमच्याकडे मोजायला दिला होता. मोजणी झाली आहे, चोख झाली आहे, कारण ती मी केली. आता तिला अहवाल हवा, आणि तोही त्यांच्या पद्धतीने: खोक्याची सगळ्यात लांब कड शेवटी. त्यांच्या जुन्या कागदांत तसं आहे म्हणे. काही लोकांना सत्य नको असतं, जुन्या कागदांशी जुळणारं सत्य हवं असतं.

एरवी बाई बरी आहे, कामापुरतं बोलते. या रेणूची दोन रूपं होतात, उजवं आणि डावं, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. एक ताप उतरवतं. दुसरं ताप तर उतरवत नाहीच, वर यकृत बिघडवतं. दोन्ही बनवायच्या वाटा वेगळ्या, कच्चा माल वेगळा. कुठलं ते तिला आमच्या अहवालातल्या चित्रावरून कळणार. “तुमचा कागद आला की आम्ही मोठ्या भांड्यात काम सुरू करतो,” म्हणाली. “तुमच्यावर सोडून निर्धास्त आहे.”

निर्धास्त असायलाच हवं. टायवाल्याकडे दिलं असतं तर अजून फाईल उघडू का यावरच गाडी अडली असती.

१३ नोव्हेंबर

औषधाचा खोका फिरवला. लांब कड पहिली होती, ती शेवटी हवी होती. पहिली आणि तिसरी बदलली, एका ओळीचं काम. मधेच ताईचा फोन, चष्मा घरी राहिलाय, आणून देऊ का म्हणून. नको म्हटलं, जुना आहे टेबलाच्या खणात. फोन ठेवला, ओळ संपवली, प्रोग्राम चालवला. निमिषात उत्तर. सगळी लांबी-रुंदी, सगळे कोन, अणूंमधली अंतरं, एकूण एक जुळलं. हेच काम गुलाबी बटणांनी केलं असतं तर जेवणाची सुट्टी बुडाली असती.

१७ नोव्हेंबर, रविवार

ताईशी वाजलं. कारण म्हणाल तर कात्री.

ताई डावखुरी आहे, आणि तिची डावखुऱ्यांची खास कात्री आहे, मेहुण्यांनी कुठूनतरी शोधून आणलेली. ती स्वयंपाकघराच्या खणात सगळ्यात वर असते. मला काही कापायचं असलं की हीच हातात येते आणि कापत नाही. आज मी ती फ्रिजवर ठेवून दिली. ताई अर्धा तास शोधत होती. मग म्हणाली, “सांगायचं तरी. मी तुला सगळं सांगते.”

“तेच तर,” मी म्हटलं. “तू सगळं सांगतेस आणि सगळं विचारतेस. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, ताई. त्यांच्यातला एकही मला गॅस बंद केलास का म्हणून विचारत नाही.”

“त्यांना काय करायचंय तुझ्या गॅसशी?”

“आणि तुला काय करायचंय? आजपासून मला एक प्रश्न विचारायचा नाही. एकही नाही.”

ती बरं म्हणाली. इतक्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. हे आधीच करायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

आज निवड झाली. टायवाला चारी मुंड्या चीत.

सभागृहात साहेब, सगळे विभागप्रमुख, आणि प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेली काही मंडळी. दोन पडदे शेजारी शेजारी, एकावर माझा प्रोग्राम, दुसऱ्यावर त्याचा. दोघांना एकच काम द्यायचं ठरलं. मी औषधाचंच दिलं, त्या दिवशीची ओळ जशीच्या तशी. माझ्या पडद्यावर पापणी लवायच्या आत उत्तर आलं. त्याचा विचारत बसला. फाईल उघडू का? लोक हसले. हीच फाईल ना? आणखी हसले. टायवाला होय होय करत बटणं दाबत होता आणि त्याचे कान लाल होत होते. शेवटी मोठी थोरली पट्टी आली आणि गाडी तिथेच रुतली. साहेबसुद्धा हसले, म्हणजे बघा.

मी उभी राहून म्हटलं, “विमा कंपनीत चालेल हा प्रोग्राम. इथे काम करायचं असतं.” साहेबांना विनोद कळला नाही, बाकीच्यांना कळला.

टायवाला पट्टीकडे बघत होता. मग माझ्या पडद्याकडे बघितलं, मग परत पट्टीकडे. घसा साफ करायलाही विसरला. “मॅडम, एवढं एक वाक्य वाचा फक्त.”

“अकरा वाचली,” मी म्हटलं. “बारावं तुम्ही वाचा.”

हात वर झाले. माझ्या बाजूने सगळे, एक सोडून. तो एक स्वतः टायवालाही नव्हता, त्याने हातच वर केला नाही. तो एक म्हणजे साहेब, त्यांना प्रश्न नीट कळला नव्हता.

नंतर जिन्यात टायवाल्याने गाठलं. “औषधाचा अहवाल गेला का?” म्हटलं, उद्या जाईल. “जायच्या आधी डावं-उजवं एकदा बघून घ्याल?” हरलेला माणूस काहीतरी उरलंसुरलं वाचवू बघतो. मी म्हटलं, “वीस वर्षं बघतेय.” आणि खाली उतरले.

२२ नोव्हेंबर

अहवाल धाडला. रेणूचं रंगीत चित्र पहिल्याच पानावर, सुरेख आलं आहे.

ताई आठ दिवसांसाठी मुलीकडे गेली. दोन मोठ्या बॅगा, जाड कोट, औषधांचा डबा, आणि स्वतःची उशी. आठ दिवसांना उशी कशाला? भाचीच्या घरात उशा नाहीत का? पण आता प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलंय, तेव्हा मीही विचारलं नाही. टॅक्सीत बसताना तिने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा संयम तिला आधी जमला असता तर बरं झालं असतं.

घर किती शांत आहे.

२६ नोव्हेंबर

दिवसभर एका पायात काळा बूट आणि एका पायात तपकिरी घालून संस्थेत वावरले. दुपारी चारला माझ्या लक्षात आलं. अकरा माणसांपैकी एकाने तोंड उघडलं नाही. विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम घातलेत. भित्रे आहेत सगळे.

२ डिसेंबर

आठ दिवस होऊन गेले. भाचीला फोन केला. ती फार गोड आवाजात म्हणाली, “मावशी, आई राहील इथे थोडे दिवस. तिला इथे बरं वाटतंय.” पाठीमागे ताईचा आवाज येत होता, नातवाला विचारत होती दात घासलेस का. तिला नवं गिऱ्हाईक मिळालेलं दिसतंय.

मला काही फरक पडत नाही. आज किल्ली आत राहिली आणि कुलूपवाल्याला बोलवावं लागलं, एवढंच.

५ डिसेंबर

हे नीट, क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी कॉफीचं नवं पाकीट फोडायचं होतं. माझी कात्री संस्थेत. खणात ताईची, ती मात्र तिने नेली नव्हती. घाईत नेहमीसारखी घेतली, पाकीट कापायच्याऐवजी पात्यांमध्ये दुमडलं. कात्री उलटी धरली. तेच. टोक माझ्याकडे करून धरली, आडवी धरली, तिरकी धरली. कशीही फिरवा, डावखुरी ती डावखुरीच. तिला उजवी करायची तर नवी घडवायला हवी. मी ओट्यापाशी उभी राहून त्या कात्रीवर खेकसले, की फिरवून डाव्याचं उजवं होत नाही एवढं साधं.

आणि वाक्य तिथेच तुटलं.

कात्री खाली ठेवली. उजव्या हाताची तीन बोटं उभी केली. औषधाच्या खोक्याची पहिली कड, दुसरी, तिसरी. पहिलीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली. बोटं वळेनात. डावा हात वर करावा लागला. तेरा तारखेला मी दोन कडा बदलल्या. फोन आला. फोन ठेवला. ओळ संपवली. मधली कड उलटी केली नाही. लांबी जुळली, कोन जुळले, जुळणारच, आरशातही ते जुळतात. सभागृहात त्या पट्टीवर हेच लिहिलं होतं आणि मी ते न वाचता लोकांना हसवलं.

मूर्ख बाई. पहिल्या वर्षाच्या पोराने केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

अहवाल गेल्याला दोन आठवडे होत आलेले. मोठं भांडं. यकृत. मी कंपनीला फोन लावला.

औषधवाली नेहमीच्या सुरात म्हणाली, “झालं का तपासून?”

“काय?”

“तुमच्याकडून फोन आला होता ना, अहवाल मिळाला त्याच दिवशी. घसा साफ करत बोलतात ते. म्हणाले मॅडम आणखी एकदा तपासताहेत, त्यांचा स्वतःचा फोन येईपर्यंत माल मागवू नका. वरचे लोक रोज माझ्या डोक्यावर बसलेत, पण म्हटलं, तुम्ही तपासताय तर थांबू.”

मी तिला सांगितलं. चित्र उलटं आहे, चूक माझी आहे, दुरुस्त अहवाल आज येईल.  ती म्हणाली, “बरं झालं तपासलंत.”

६ डिसेंबर

टायवाल्याच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच. टेबल इतकं स्वच्छ की किळस यावी.

“मला सरळ का नाही सांगितलंत?”

“दोनदा सांगितलं, मॅडम.”

“तिसऱ्यांदा सांगायचं.”

“तिसऱ्यांदा तुम्ही मला जिन्यावरून ढकललं असतंत.” त्याने घसा साफ केला. “आणि तुम्ही तपासाल अशी खात्री होती. उशीर एवढा होईल असं मात्र वाटलं नव्हतं. सोमवारपर्यंत वाट बघून साहेबांकडे जाणार होतो.”

म्हणजे हा माणूस माझ्या नावावर खोटं बोलला आणि मग मी ते खरं करायची वाट बघत बसला. मला आभार मानायचे होते. मी म्हटलं, “तुमच्या पट्टीचा रंग भिकार आहे. आणि आधी अकरा प्रश्न विचारलेत तर बारावा कोण वाचणार? एक वाचण्यासारखा प्रश्न होता तुमच्याकडे, तो तुम्ही गर्दीत हरवलात.”

त्याने टाय सैल केला. “हे खरं आहे,” म्हणाला.

९ डिसेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, नुकसान किती? म्हटलं, झालं नाही. मग म्हणाले, मग विषय कसला? सभा मात्र मी पुन्हा घ्यायला लावली आणि उभी राहून तेच सगळ्यांना सांगितलं, कारण हसवलं होतं तेही सगळ्यांनाच. या वेळी कुणी हसलं नाही. संग्रह आता मी आणि टायवाला मिळून बघणार. हे ४ नोव्हेंबरच्या नोंदीत लिहिलेल्या राजीनाम्यात बसतं की नाही ते नंतर बघू.

प्रोग्राम माझाच राहिला. गुलाबी काही नाही. त्याचे अकरा प्रश्न मी स्वतः बसून काढले आणि एक माझ्यात घातला. दोन कडांची नुसती अदलाबदल केली की तेवढ्यापुरता तो थांबतो. वाक्य कुठलं घालायचं यावर दुपार गेली. टायवाल्याचं होतं, ‘आपण आरशातील प्रतिमा तयार करीत आहात, पुढे जावे काय?’ ते मी पुसलं आणि लिहिलं: ‘अगं, गॅस बंद केलास का?’ आरशाचं त्याखाली, बारीक अक्षरात.

तो म्हणाला, “हे कुणाला कळणार?”

“ज्याला कळणार नाही तो थांबून खालची ओळ वाचेल. तेवढंच हवंय.”

घरी आल्यावर ताईला फोन केला. भाचीने दिला, आढेवेढे घेत.

“बोल,” ताई म्हणाली.

“तुझी कात्री राहिलीय इथे.”

“माहीत आहे. पाठवून दे.”

“पाठवणार नाही. घ्यायला ये.”

 पलीकडून पोराच्या खेळण्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, “ताई, माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे विचारलं होतं, मीच ऐकलं नाही.” 

“जेवलीस?” तिने विचारलं. ओळख नसलेल्या माणसाला विचारावं तसं.

“हो.”

मग खूप हळू, नातवाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “आणि गॅस?”

हो म्हणणार होते. फोन कानाला धरून उठले, स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, बटणापर्यंत हात नेला.

“बंद आहे.”

“बघून सांगतेस?”

“बघून सांगतेय.”